हॉलिसचं उलटं रीळ

हिवाळ्यात वर्लन पीडनच्या उजव्या हाताची तर्जनी गेली, आणि मार्चात मोडसे मासे आले.

गेली म्हणजे तुटली नाही. दिसायला होती तशीच होती, वाकत होती, मुठीत इतर बोटांशी मिळून मिसळून राहत होती. फक्त तिला काही कळेनासं झालं होतं. मानेतली नस दबली होती. डॉक्टरांनी मान उघडून ती सोडवली, बाकी सगळा हात शहाण्यासारखा घरी परतला. हे एक बोट मात्र माहेरी रुसून बसलं ते बसलंच.

दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर त्याने शर्टाची बटणं डाव्या हाताने लावायला शिकून घेतली असती आणि विषय संपला असता. पण वर्लन धक्क्यावरचा माणूस होता. पांढऱ्या वाळूतून निघून आखाताच्या हिरव्या पाण्यात पाव मैल आत गेलेला तो लाकडी धक्का, आणि त्याच्या टोकाचा कठडा, एवढंच त्याचं गाव. तिथले सगळे गळवाले ज्या रिळांनी मासे धरत ती रिळं तीस वर्षं वर्लनच्या हातून गेली होती.

जुनीच रिळं लागत. नव्यांना चकाकी फार आणि पोटात प्लॅस्टिक. खाऱ्या वाऱ्याचा एक हंगाम झाला की ती दमेकऱ्यासारखी धापा टाकत. वर्लन लोकांनी घरासमोर विकायला मांडलेल्या जुन्या सामानात, मेलेल्या माणसांच्या गॅरेजांत, गंजलेल्या पेट्यांच्या तळाशी जुनी रिळं शोधायचा. पण जुन्यातही निवड होतीच. तो रीळ कानाशी धरायचा आणि मूठ अगदी हळू फिरवायचा. पितळी दात एकमेकांत बसत असले तर आवाज चुलीवर शिजणाऱ्या लापशीसारखा येतो, झिजले असले तर वाळू चावल्यासारखा. दोरी जिच्यावरून धावते त्या चाकीवर तो नख फिरवायचा. नख अडलं की रीळ परत पेटीत.

घरी आणलं की पहिलं काम ठरलेलं. व्हाइसच्या लोखंडी जबड्यात धरायचं आणि कडी कापायची.

कडी म्हणजे रिळाच्या तोंडावरची ती तारेची कमान. गळ फेकताना ती उघडायची, फेकून झाल्यावर मूठ फिरवली की ती आपोआप मिटते आणि दोरी पकडते. तळ्यावर, हलक्या गळाला, ठीक आहे. पण मोडशासाठी शिशाचा जड गळ पूर्ण अंगाने भिरकवावा लागतो. त्या झटक्यात कडी कधीतरी मधेच मिटते. खट्. दोरी तुटते, गळ एकटाच समुद्रात जातो आणि मासा आपल्या वाटेने. म्हणून धक्क्यावर कडीवालं रीळ सहसा कुणी बाळगत नसे. कमान कापायची, चाकी तेवढी ठेवायची, आणि फेकून झाल्यावर सुटती दोरी तर्जनीने टिपून चाकीवर चढवायची. सवयीचं बोट हे काम पापणी लवायच्या आत करतं.

तेच बोट गेलं होतं.

तरी मार्चच्या पहिल्या उन्हाच्या दिवशी वर्लन टोकाला जाऊन उभा राहिला. फेकायच्या आधी दोरी तर्जनीवर तोलून धरावी लागते. त्याला वाटलं धरली आहे. ती कधीच सुटली होती. शिशाचा गळ समोर जायचा तो आडवा गेला आणि क्लीव बोधिनच्या डोक्यावरची टोपी घेऊन पाण्यात पडला.

क्लीव पन्नाशीचा, छपरं घालण्याच्या धंद्यातला, तोंडाने फाटका पण मनाने बरा. टोपी पाण्यावर तरंगत चाललेली पाहत तो म्हणाला, "मिस्टर वर्लन, केस कापायचे होते तर सांगायचं होतं. मी न्हाव्याकडे गेलो असतो."

सगळे हसले. मग कुणी हसेना. चार बोटं खाली आला असता तर गळ क्लीवच्या कानशिलात बसला असता, हे सगळ्यांना दिसलं होतं.

"सरळ फेकता येईपर्यंत बाकावर बसा, मिस्टर वर्लन," क्लीव हळूच म्हणाला. "मी नाही, सगळेच म्हणतायत."

वर्लन बाकावर बसला. मोडसे वर्षातून एकदाच, पाच-सहा आठवडे, किनाऱ्याला धरून पूर्वेकडून पश्चिमेला जातात. तपकिरी, लांब, लांबून मुशीसारखे. तो ओळखीची पाठ पाण्यात सरकताना पाहायचा आणि हात मांडीखाली दाबून धरायचा. बाकावर बसलेली माणसं पुढच्या वर्षी बाकावरही येत नाहीत, हे त्याने पाहिलेलं होतं.

डाव्या हाताने फेकून पाहिलं. पण त्याच्या रिळाची मूठ डाव्या अंगाला. फेकून झाल्यावर काठी या हातातून त्या हातात घ्यायची, तेवढ्यात दोरी ढिली आणि मोडसा पसार. मूठ उलट्या बाजूला लावता येईल अशी ती जुनी रिळं नव्हतीच. डावखुऱ्यांसाठी निराळं उलटं रीळ निघायचं, मोजकंच. तीस वर्षांत वर्लनने तसलं एकच पाहिलं होतं. ते हॉलिस कॉबचं.

हॉलिस जाऊन दोन वर्षं झाली होती. सबंध धक्क्यावर कडी न कापलेलं रीळ वापरणारा तो एकटा. वर्लन दर मार्चात हॅकसॉ घेऊन त्याला चिडवायचा, "आण इकडे, दोन मिनिटांचं काम." हॉलिस काठी पाठीमागे लपवायचा. "कारखान्यात बसलेल्या माणसाला तुझ्याहून अक्कल जास्त आहे, वर्लन."

शनिवारी वर्लन हॉलिसच्या बायकोकडे गेला. मर्टिस ओसरीवर उकडलेल्या शेंगांचं पातेलं मांडीशी घेऊन बसली होती. तिने त्याला खुर्ची दाखवली, बर्फ घातलेला गोड चहा दिला, आणि तो तीन वेळा हवापाण्यावर बोलल्यावर म्हणाली, "रीळ मागायला आलायस."

"कुणी सांगितलं?"

"क्लीवच्या टोपीची गोष्ट चर्चमध्ये पाद्र्यांच्या आधी माझ्यापर्यंत आली." तिने शेंग फोडली. "त्याची गाडी विकली. शर्ट दान केले. बूटसुद्धा गेले. ते रीळ तेवढं तो ठेवून गेला तसं आहे. नेतोस तर ने, पण कडीला हात लावायचा नाही. शब्द दे."

वर्लनने चहातला बर्फ हलवला. एखाद्या सुताराला करवत न लावता पाट करायला सांगावं, तसं ते होतं.

"दिला," तो म्हणाला.

रीळ आतून निरोगी होतं. जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं, ते त्याने रॉकेलमध्ये धुऊन काढलं. ब्रेकच्या चकत्या कातड्याच्या, वाळून कडक झालेल्या; त्या काढून कार्बनच्या नव्या बसवल्या, म्हणजे मोठा मासा ओढू लागला की दोरी झटके न देता सुटेल. चाकीखाली तेलाचा थेंब सोडला. मूठ फिरवली. लापशी. कडी मात्र तशीच चमकत राहिली, आणि तिच्याकडे पाहताना त्याचा हात दोनदा हॅकसॉकडे जाऊन परत आला.

मग दहा दिवस तो चर्चमागच्या मैदानात डाव्या हाताने गळ फेकत होता. पहिल्या दिवशी गळ झाडात. दुसऱ्या दिवशी पाद्रीबाईंच्या दोरीवरच्या चादरीत. आठव्या दिवशी त्याने पन्नास पावलांवर बादली ठेवली आणि तिच्या कडेला शिसं वाजवलं. डावं बोट मंद विद्यार्थी होतं, पण त्याला कळत होतं.

दहाव्या दिवशी त्याने क्लीवला बोलावून बादली वाजवून दाखवली. क्लीवने नवी टोपी काढून छातीशी धरली. "या उद्या. पण मी टोपी गाडीत ठेवून येईन."

दुसऱ्या दिवशी मर्टिसही आली. शेंगांची पिशवी घेऊन बाकावर, वर्लनच्या जागी बसली. "माझं रीळ कसं वागतं ते बघायला आलेय," म्हणाली.

धक्क्यावर एक नियम लिहिलेला नव्हता पण मोडलेलाही नव्हता. जो मोडसा आधी पाहील आणि ओरडेल, पहिली फेक त्याची. त्याची फेक पडेपर्यंत बाकीचे गळ हातात धरून उभे राहतात, मग भले मासा पायाखालून जावो.

ऊन वर आलं. पाणी काचेसारखं झालं. दहाच्या सुमारास मर्टिस शेंग तोंडात धरूनच उठली.

"तो बघा! दुसऱ्या वाळूच्या पट्ट्यावर! दोन आहेत, एक मोठा!"

सगळ्यांनी पाहिलं. मोठा खरंच दाराच्या फळीएवढा होता. क्लीवने हात आवरला. "फेक तुमची आहे, मिस मर्टिस."

"माझी फेक वर्लनला दिली," ती म्हणाली.

कठड्यावर जागा झाली. वर्लनने कडी उघडली, दोरी डाव्या बोटावर घेतली, जिवंत, ताणलेली, आणि पूर्ण अंगाने काठी फिरवली. नेम सरळ होता. तो सुटतानाच त्याला कळलं.

खट्.

पिस्तुलाचा घोडा पडावा तसा आवाज. दोरी तुटून त्याच्या खांद्यावर पडली, गळ एकटाच उन्हात चमकत गेला आणि मोडशाच्या नाकापुढे चार हातांवर बुडाला. मासा त्याच्यामागे वळलासुद्धा. मग वळला तसाच परत फिरला.

मग फेक सगळ्यांना मोकळी झाली, आणि क्लीवचा गळ आधी पडला. त्याने लहान मासा धरला. गलका झाला, दोराला बांधलेला आकडा खाली सोडून मासा वर घेतला गेला. वर्लन तुटकी दोरी हातावर गुंडाळत राहिला. मर्टिस त्याच्याजवळ आली. ती माशाकडे बघत नव्हती, कडीकडे बघत होती.

"हा आवाज," ती म्हणाली. "हा नेहमी होतो?"

"नेहमी नाही. कधीतरी."

"हॉलिसचा मासाही असाच गेला होता? तो मोठा? वादळाच्या आदल्या वर्षीचा?"

वर्लनने हातावर दोरीचा आणखी एक वेढा दिला.

"घरी आला आणि तासभर गाडीतच बसून राहिला, वर्लन. जेवला नाही. म्हणाला, खांबाच्या कालवांना घासून दोरी तुटली."

"खांबालाच घासली असेल."

"तू शेजारी उभा होतास."

"मर्टिस, किती वर्षं झाली त्याला."

"माझ्याकडे बघून सांग."

वर्लनने बघितलं. "खट् झालं होतं," तो म्हणाला. "त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याकडे पाहिलं. नंतर आम्ही दोघंही त्यावर बोललो नाही."

"तू? तू तर कुणाच्या बुटाची नाडी सुटली तरी आठवडाभर चिडवतोस."

"ते चिडवण्यासारखं नव्हतं."

मर्टिसने शेंगेचं साल कठड्यावरून खाली टाकलं आणि ते पाण्याला लागेपर्यंत पाहत राहिली. "मग कापून का नाही घेतलं त्या हट्टी माणसाने?"

"माझ्याकडे यावं लागलं असतं. मी मरेपर्यंत ऐकवलं असतं."

"ऐकवलं असतंस?"

"रोज," वर्लन म्हणाला. "सकाळ-संध्याकाळ."

ती हसली, आणि हसता हसता तिला रुमाल शोधावा लागला. मग म्हणाली, "चल. हॅकसॉ कुठे आहे तुझी?"

वर्लनच्या गॅरेजात कॉफीचा एक मोठा डबा होता. त्यात तीस वर्षांतल्या कापलेल्या कड्या, सगळ्या धक्क्याच्या. त्याने रीळ व्हाइसमध्ये धरलं, जबड्यांना फडकं लावून. उजव्या हाताने हॅकसॉ चालवता येत होती. तिला तर्जनीचं फारसं काम नव्हतं. तार दोन मिनिटांत सुटली. कापलेली टोकं त्याने कानशीने गोल केली, दोरीला बोचू नयेत म्हणून. कडी डब्यात टाकायला हात उचलला तर मर्टिसने पंजा पुढे केला.

"ती इकडे."

तिने ती बांगडीसारखी मनगटात घालून पाहिली. अर्धीच बसली. तशीच तिने ती पर्समध्ये ठेवली.

वर्लनने मूठ फिरवली तर कडी जिच्यावर बसलेली होती ती फिरकी डुलायला लागली, एका पायात पैंजण घातलेल्या बाईसारखी. कडीचं वजन गेलं होतं. त्या बाजूला आतून शिसं चिकटवून तोल भरून काढावा लागतो. तो शिशाच्या तुकड्यांचा खोका उघडत होता, तेवढ्यात मर्टिसने पर्समधून हॉलिसचा एक जुना गळ काढला. रंग उडालेला, डोक्यावर माशांच्या दातांचे ओरखडे.

"हे चालेल?"

वर्लनने चाकूने त्याचा वाटाण्याएवढा तुकडा काढला. लावून पाहिला, फिरवला. जास्त. खसखशीएवढा कमी केला, फिरवला. अजून जास्त. मर्टिस पाहत होती. पाचव्या वेळी फिरकी डुलायची थांबली आणि पाण्यात उभ्या असलेल्या बगळ्यासारखी स्थिर फिरत राहिली. त्याने तो तुकडा पक्का चिकटवला.

एप्रिलचा शेवटचा आठवडा उरला होता. चार दिवस पाणी गढूळ होतं, दोन दिवस वारा उलटा. सातव्या दिवशी उन्हाने तळ दाखवला. मोडसे बहुतेक पुढे निघून गेले होते, कठड्यावर पाचच माणसं होती आणि त्यातला एक जण झोपला होता.

वर्लनने तो आधी पाहिला. एकटा, मागे राहिलेला, कसलीच घाई नसल्यासारखा चाललेला.

"आला!" तो ओरडला. "डावीकडून, पट्ट्याच्या आत!"

"फेक तुमची, मिस्टर वर्लन," क्लीव म्हणाला, आणि दोन्ही हातांनी टोपी धरली.

काठी डाव्या खांद्यावरून आली. मिटायला काही नव्हतं, तुटायला काही नव्हतं. दोरी रिळावरून सुसाट उलगडत गेली. गळ माशाच्या पुढे, हातभर पलीकडे पडला. वर्लनने डावी तर्जनी पुढे केली, दोरी टिपली आणि चाकीवर चढवली. उजव्या हाताने मूठ दोनदा फिरवली.

बाकावर मर्टिसच्या हातातली शेंग फुटायची राहिली.

आधी बोटाला कळलं. दोरीतून बारीकसं काही आलं, कुणी दारावर नखाने टकटक करावं तसं. मग जड झालं.

"सरका," वर्लन म्हणाला. मासा धक्क्याला वळसा घालून निघाला होता, आणि त्याच्यामागे वर्लनला कठड्याकाठाने चालत जायचं होतं. "सरका रे सगळे. त्या झोपलेल्यालाही उठवा."