मास्तरांचा घसा

हेडमास्तरांनी आयुष्यात कुणाचं दार वाजवलं नाही. ते खाकरायचे. त्यांच्या एका खाकरण्यावर सातवी ब सुद्धा चिडीचूप व्हायची, आणि रिकाम्या तासाला डुलकी काढणारे चित्रकलेचे सर खडबडून जागे होऊन पेन्सिलीला टोक काढायला लागायचे. घरात सून आल्यावर तर खाकरणं हा सभ्यपणाच झाला. सासऱ्याने न कळवता पुढ्यात उभं राहू नये, एवढं त्यांना कळत होतं.

ते निवृत्त झाले आणि मुलाने परदेशी बोलावलं. सुनेचे दिवस भरत आले होते. बायको आधीच जाऊन तिथे ठाण मांडून बसली होती. मास्तरांना पहिलं नातवंड मांडीवर घ्यायचं होतं. बाकी परदेश पाहिला काय अन् न पाहिला काय.

विमान सुटलं तेव्हा त्या नव्या आजाराची बातमी पेपरात आतल्या पानावर होती. विमान उतरलं तेव्हा जो तो तोंड झाकून फिरत होता, आणि एक अधिकारी बाई येणाऱ्याच्या कपाळावर ताप मोजायचं यंत्र रोखत होती. तिच्या टेबलाशी पोचल्यावर, आपण आलोय हे कळावं म्हणून, मास्तर रीतसर खाकरले.

साप निघाल्यासारखी रांग पांगली.

"हे कधीपासून आहे?" बाईने मागे सरकत इंग्रजीत विचारलं.

"चाळीस वर्षं झाली," मास्तर अभिमानाने म्हणाले.

ताप नव्हता म्हणून सुटले, पण दोन आठवडे खोलीबाहेर पडायचं नाही अशी ताकीद मिळाली. घरी सुनेने त्या ताकिदीला आणखी शेपूट जोडलं. "बाबा, राग मानू नका. पण एकदा जरी खोकलात, तरी दोन आठवडे पुन्हा पहिल्यापासून." पोटुशा बाईशी वाद घालायचा नसतो. मुलाने आधीच मान डोलावली होती.

खोली म्हणजे घरातली अडगळ. इस्त्रीचं टेबल, घडीची खाट, एक खुर्ची, आणि व्यायामाची सायकल, जिच्यावर फक्त टॉवेल वाळायचे. बायको दाराबाहेर ताट ठेवायची.

"खाकरणं आणि खोकणं यात फरक आहे," मास्तर आतून म्हणाले.

"तो त्या विमानतळावरच्या बाईला सांगायचा होतात. आता उशीत तोंड खुपसा."

मास्तरांची पंचाईत झाली. खाकरल्याशिवाय चहा मागायचा कसा, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. टाळी वाजवून पाहिली, तर बायकोने विचारलं, "डास झालेत का?" गुणगुणून पाहिलं, तर मुलगा घाबरून ताप विचारायला आला.

अशातच नात जन्मली. मास्तरांना ती फोनवर दाखवली. अर्धं कपाळ आणि पुष्कळसं छत दिसलं. तेवढ्यानेही त्यांचे डोळे भरून आले.

अखेर एक दिवस उरला. उद्या दार उघडणार म्हणून त्यांनी सकाळीच दाढी करून ठेवली. आणि दुपारी भिंतीपलीकडे नात रडायला लागली ती थांबेचना. बायकोने गाणी म्हटली, मुलाने खुळखुळा वाजवला, मग दोघं एकमेकांवर खेकसले. शेवटी सूनच हुंदके द्यायला लागली. "आई, मला जमतच नाही हो हे!"

मास्तर तोंडावर हात दाबून खुर्चीत बसले होते. घसा शिवशिवत होता. एक दिवस, फक्त एक दिवस! पण तिकडे एक नव्हे, दोन लेकरं रडत होती, आणि असा कालवा बंद दाराआडून ऐकत बसायची त्यांना सवय नव्हती. नातीला मांडीवर घेणं गेलं खड्ड्यात, असं म्हणून ते उठले, दाराशी गेले, आणि सातवी ब साठी राखून ठेवलेलं खणखणीत खाकरणं खाकरले.

घर गप्प झालं. नातही.

मग मास्तरांच्या लक्षात आलं, आपण काय करून बसलो ते. "खुर्ची सरकली!" ते घाईघाईने ओरडले.

पावलं दारापर्यंत आली. सूनच होती, रडून चोंदलेल्या नाकाचा श्वास आतपर्यंत ऐकू येत होता. तिच्या खांद्यावर नातीने पुन्हा बारीक सूर धरला.

"बाबा," सून म्हणाली, "ती खुर्ची जरा परत सरकवता का?"