उत्तरेकडच्या काचा

मुरूप अझांगवर ल्हास्कितने डूख धरला तो हॉटेलच्या पायाभरणीच्या दिवशी.

अझांग म्हणजे तिच्या आईचा सख्खा भाऊ, गावातला पहिला पैसेवाला. भर हिवाळ्यात हिमबिबट्या बघायला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांसाठी त्याला हॉटेल काढायचं होतं, तेही डिझेल न जाळता उबदार राहणारं. भाची अहमदाबादहून वास्तुकला शिकून परतलेली. सगळा हिवाळा ती नकाशांवर वाकून होती. कच्च्या विटांच्या जाड भिंती, बुटकी छतं, निजायच्या खोल्यांची तोंडं दक्षिणेला. काचेआड काळी भिंत, दिवसभर ऊन पिऊन रात्री हळूहळू सोडणारी. उत्तरेला एकही खिडकी नाही. बाहेरच्या दाराआड दुसरं दार, म्हणजे वारा आत शिरायचा नाही.

पायाभरणीला लामांचे मंत्र संपले आणि मुरूपने मानाचा पांढरा रेशमी खतक घातला तो दिल्लीहून आलेल्या एका साहेबांच्या गळ्यात. "आपल्या हॉटेलचे शिल्पकार!"

"आणि ल्हास्कित?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

मुरूप हसला. "आमची पोरगी? ती पेन्सिली तासून द्यायची. पण तासते छान हं!"

सगळं गाव हसलं. तोंडावर हात धरून तिची आई, अमा-लेही हसली, आणि तेच ल्हास्कितच्या जास्त जिव्हारी लागलं.

भिंती वर आल्या तेव्हा ती एकदा मुद्दाम तिकडून गेली. बघते तर नकाशा तिचाच, पण उलटा फिरवलेला. बर्फाचं शिखर उत्तरेला होतं ना! पाहुण्यांना ते अंथरुणातून दिसावं म्हणून निजायच्या खोल्या तिकडे वळवल्या होत्या आणि पुरुषभर उंचीच्या काचांसाठी भिंती मोकळ्या सोडल्या होत्या. आतलं दारही उडवलेलं, दिवाणखाना ऐसपैस दिसावा म्हणून. कित्येक महिन्यांत ल्हास्कित पहिल्यांदा मनापासून हसली.

"त्याला जाऊन सांग गं," अमा-ले म्हणाली. "भाऊ आहे माझा."

"पेन्सिली तासणाऱ्या पोरीचं कोण ऐकतं?"

"लोक गारठतील तिथे."

"गारठू देत. गारठले की उतरून कुठे येतील? इथेच."

आणि तिने आईच्याच घराचं काम काढलं. जुना मेंढवाडा पाडून दक्षिणेला खोल्यांची रांग उठवली. गवंड्यांबरोबर स्वतः चिखल तुडवला, छतात भुसा आणि गवत ठासून भरलं, काळी भिंत स्वतःच्या हाताने लिंपली. लोक म्हणत, पोरगी हट्टाला पेटली. खरंच पेटली होती.

थंडी पडली आणि मुरूपचं हॉटेल वाजतगाजत उघडलं. बुखाऱ्या, त्या लोखंडी शेगड्या, लाकडं गिळत होत्या, जनरेटर धडधडत होता आणि सगळी ऊब काचांतून सरळ शिखराकडे पळत होती. काचांना आतून बर्फ धरलं. नळ फुटले. एका सकाळी वाटाड्या पाहुण्यांची अख्खी तुकडी घेऊन खाली ल्हास्कितच्या अंगणात उतरला. घोड्यावर एक म्हातारी जर्मन बाई होती, ओठ निळे पडलेले.

ल्हास्कितने तिला आत घेतलं, तिचे पाय मांडीवर घेऊन चोळले. पाय लाकडासारखे लागले तेव्हा ती चोळायची थांबली. मी एक शब्द बोलले असते तर? मग बाईने पाठ काळ्या भिंतीला टेकली, डोळे मिटले आणि थोड्या वेळाने वाटाड्याकरवी विचारलं, "हे कोणी बांधलं?"

"मी," ल्हास्कित म्हणाली. मघाचा प्रश्न कुठल्या कुठे गेला.

लोसारला, म्हणजे नव्या वर्षाला, गाव जवाची छांग प्यायला तिच्याच खोलीत जमलं, कारण ऊब तिथेच होती. मुरूप दारात उभा राहिला. चेहरा उतरला होता बिचाऱ्याचा.

"जुले, पोरी. झालं गेलं विसर. माझं हॉटेल वाचव."

"आधी सांगा अझांग-ले, नकाशे कोणाचे?"

तो पुटपुटला, "तुझे."

"मोठ्याने. मागे मेमे-ले बसलेत, म्हाताऱ्यांना ऐकू येत नाही."

"ल्हास्कितचे! मी चोरले!"

"आणि पेन्सिली?"

"पुरे गं आता!" अमा-ले ओरडली.

मुरूपने टोपी काढून हातात घेतली. "त्याही तूच तासल्यास, नकाशेही तूच काढलेस. आता सांग, काय करू?"

सगळे तिच्याकडे बघत होते. नव्या भिंती कुठे घालायच्या, कुठल्या काचा काढायच्या, सगळं तिच्या ओठांवर होतं.

"दिल्लीच्या साहेबांना विचारा," ती म्हणाली आणि त्याच्यासमोर छांगचा पेला ठेवला.

खोलीभर हशा उसळला. मुरूप पेल्याला हातही न लावता निघून गेला. अमा-ले त्याच्या मागोमाग गेली, ती अंधारल्यावरच परतली. शेतातलं बर्फ वितळेपर्यंत ती लेकीशी एक शब्द बोलली नाही.

पुढल्या वर्षी हॉटेल फक्त उन्हाळ्यात उघडलं. हिवाळ्यात त्या शिखरासमोरच्या खोल्यांत गावकरी मेंढ्यांचं मांस टांगू लागले. तिथे ते वसंतापर्यंत टिकतं. पाहुण्यांच्या थुक्प्यासाठी, शेवयांच्या रश्शासाठी, ल्हास्कितनेही तिथूनच एक तंगडी आणवली. थुक्पा फक्कड झाला. तिने दोनदा वाढून घेतला.

अमा-ले त्या दिवशी नुसती खंबीर, म्हणजे आंबवलेली जाड रोटी, चहात बुडवून जेवली.