ओट्यावरच्या पडद्याची वायर

साहेब, भारतीच्या नावावर तुम्ही लिहिलेला मेमो खोटा होता. तो खोटा असल्याचं तुम्हाला कळलं, तरी तुम्ही तो मागे घेतला नाहीत.

मित्रांनो, मी एक जुनं डिस्प्ले कार्ड आहे. कॉम्प्युटरच्या पोटात बसून पडद्यावर चित्र उमटवायचं, हे माझं काम. सध्या एका बाजार समितीच्या अडगळीत, कांद्याच्या फाटक्या गोणीत पडलो आहे. गावाचं नाव सांगत नाही. नगर जिल्ह्यातलं आहे, एवढं पुरे. असली ऑफिसं तुमच्याही तालुक्यात सापडतील.

१९९९ साली मी इथे आलो. माझ्या पाठीला दोन तोंडं. एक वायर आतल्या पडद्याला, दुसरी लिलावाच्या ओट्यावरच्या पडद्याला, भाव शेतकऱ्यांना दिसावेत म्हणून. पहिल्या दिवशी माझी पूजा झाली. हवेच्या जाळीतून हळद-कुंकू थेट माझ्या अंगावर पडलं. फोटोत समितीचे सचिव, म्हणजे आमचे साहेब, मधोमध. मला चालवणारी भारती फोटोत नव्हती. ती बाहेर वायर धरून उभी होती.

भारती श्रीरामपूरहून एसटीने यायची. मागून आणलेल्या पुस्तकांवर एकटीने प्रोग्रामिंग शिकलेली. नोकरी हंगामी. कायम करायचं की घरी पाठवायचं, हे मार्चअखेर ठरणार होतं.

चोरीच्या भीतीने ओट्यावरचा पडदा रोज संध्याकाळी आत आणत. सकाळी झाडलोट करणाऱ्या कडूबाई तो बाहेर नेऊन वायर लावायच्या. तेव्हा लिलाव सुरू झालेला असायचा. आणि कधी कधी वायर लागताक्षणी दोन्ही पडदे थिजायचे. भाव अडकला, की ओट्यावर आरडाओरडा.

भारती बौद्ध, कडूबाईही बौद्ध. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "ह्यांचा हात लागला की असंच व्हायचं." दोघींनी खाली मान घातली नाही, हे मी सांगून ठेवतो.

मग भांडार सांभाळणाऱ्या छगनने हात धुऊन वायर लावली. मी थिजलो. साहेबांनी उदबत्ती लावली. तरी थिजलो. अक्कल तिथेच संपली, म्हणून भारतीला मेमो दिला: यंत्राची हेळसांड.

भारतीने प्रत्येक वेळ वहीत टिपली. भाव बदलत असतानाच वायर लागली, तरच घोटाळा. म्हणजे दोष हातात नव्हता, मला काम सांगणाऱ्या प्रोग्राममध्ये, ड्रायव्हरमध्ये होता. त्याचं मूळ लिखाण फ्लॉपीवर मिळालं होतं. ते छापून ती जेवणाच्या सुट्टीत वाचत बसायची. दोष सापडेना.

एका दुपारी कडूबाई तणतणत आल्या. चार महिने नवा खराटा मिळत नव्हता. हेडक्लार्क राधाकृष्ण रजिस्टर धरून बसलेला, म्हणायचा आधी शिक्का आणा. छगन शिक्का मुठीत घेऊन, म्हणायचा आधी रजिस्टर दाखवा.

"दोगं बी हातातलं सोडीत न्हाईत," कडूबाई म्हणाल्या. "मी काय पदरानं झाडू व्हय गं?"

भारतीचं बोट कागदावर थांबलं. "मावशी, आत बी हेच चाललंय."

खरंच तेच चाललं होतं. ड्रायव्हरमध्ये दोन कुलुपं होती, एका वेळी एकानेच धरायची: एक चित्राचं, एक वायरींचं. चित्र काढणारा भाग आधी चित्राचं कुलूप धरायचा, मग वायरींचं मागायचा. नवी वायर लागली की तिची दखल घेणारा भाग उलटा: वायरींचं धरून चित्राचं मागायचा. दोघं एकाच वेळी आले की एकमेकांची वाट बघत कायमचे उभे. मी मधे गुदमरायचो.

भारतीने क्रम बदलला. कुणीही आलं तरी आधी वायरींचं कुलूप, मगच चित्राचं. पहिलं मिळालं नाही तर रिकाम्या हाताने थांबायचं. मग पडद्यावर भाव बदलते ठेवून तिने कडूबाईंना शंभर वेळा वायर काढ-घाल करायला लावली. कडूबाईंचा अंगठा सुजला. मी एकदाही थिजलो नाही.

वार्षिक सभेत, पडदे सुरळीत झाल्याबद्दल, शाल मिळाली साहेबांना. भारती वही घेऊन गेली, दोष ड्रायव्हरमध्ये होता, मेमो मागे घ्या म्हणाली. साहेब वही न उघडता म्हणाले, "चालू झालं ना? मग आता कशाला उकरतेस? राधाकृष्णला भेट."

राधाकृष्ण म्हणाला, मेमो रद्द करायचा तर आधी शिक्का आण. छगन म्हणाला, आधी रजिस्टर. मार्च संपला. भारती वही घेऊन एसटीत बसली, ती परत आली नाही. पुढे नवं मशीन आलं, त्याचीही पूजा झाली, आणि मी गोणीत गेलो.

मित्रांनो, यंत्राला कुंकू लावू नका, धूळ पुसा. ते अडलं तर का अडलं हे वाचा. आणि ज्यांनी वाचलं, त्यांचं नाव पुसू नका.

आणि साहेब, मला काम सांगणारा प्रोग्राम एका मुलीने कागदावर वाचून सुधारला. तुमच्या ऑफिसातली ती दोन कुलुपं कुणी सोडवायची? तो मेमो अजून फाइलीत आहे. कोणत्या पुराव्यावर लिहिलात? उत्तर द्या.