सात नंबरची इस्त्री

मी इस्त्री बोलतेय. शिलाई कारखान्यातली, सात नंबरची. स्वभावाने तापट आहे, मुळमुळीत बोलणं मला जमायचं नाही.

खोक्यातून मला बाहेर काढलं ते इथे इस्त्री करणाऱ्या काकूंनी. त्यानंतर नऊ वर्षं त्यांच्याशिवाय मला कुणी हात लावला नाही. आम्ही दोघींनी किती कॉलर सरळ केल्या, देव जाणे! माणसांची मात्र गंमत वाटते. शर्टाला एवढीशी चुणी पडली की जीव खालीवर होतो, आणि इस्त्रीच्या वायरला चिरा पडल्या तरी कुणी ढुंकून बघत नाही.

बघणारी एकच. दर सहा महिन्यांनी येणारी विजेच्या तपासणीवाली ताई. मीटर नंतर, आधी डोळे आणि बोटं. प्लगपासून मुठीपर्यंत वायर चिमटीत धरून इंच न् इंच सरकवायची. घाई नाही की गप्पा नाहीत. सगळं ठीक असलं की हिरवी चिठ्ठी चिकटवायची. काम करावं तर असं!

गेल्या महिन्यात माझी वायर मुठीपाशी फाटली आणि काकूंच्या हाताला झिणझिण्या आल्या. "अगं बाई!" म्हणत त्यांनी हात झटकला. पण सांगितलं तर मला भंगारात काढतील ना! मग या बाईने काय करावं? फाटल्या जागी चक्क कापडाची खोळ शिवली! टाके इतके सुबक, की वाटावं ती माझ्याबरोबरच आलीय. शेजारी पाणी शिंपडायचं भांडं, हात ओले, आणि आत उघडी तार. काकूंचा जीव जाईल या भीतीने मी रोज अर्धी होत होते. ओरडायला तोंड कुठून आणू?

तपासणीच्या दिवशी काकूंनी मला जेमतेम निवू दिलं आणि कपड्यांच्या टोपलीत दडवलं.

"वहीत सात इस्त्र्या आहेत. सातवी कुठंय?" ताईने विचारलं.

"ती होय? बिघडली. कधीच टाकून दिली."

ताईने माझ्या रिकाम्या जागेवर तळवा टेकवला. "मग ही जागा अजून गरम कशी, काकू?"

काकूंनी मान खाली घालून टोपली पुढे केली. ताईने कात्रीच्या टोकाने खोळ उसवली. आत तांबं उघडं पडलं होतं. मीटरनेही मला नापास केलं.

"नवी वायर टाक ना गं. माझ्या हाताला हीच बसलीय."

"आतूनही जळत आलीय, काकू. हात शाबूत राहिला तर दुसरी बसेल."

काकूंच्या डोळ्यांना धार लागली. ताई रागावली नाही. "शिवलीय मात्र झकास," म्हणाली, आणि पुन्हा कुणी वापरू नये म्हणून तिने माझा प्लग कापून टाकला. त्या क्षणी मला तिचे पाय धरावेसे वाटले.

आता मी भंगाराच्या पेटीत आहे. माझं एवढंच मागणं आहे, की आमच्यावर जीव असेल तर आमचं दुखणं झाकू नका.

पलीकडे नव्या इस्त्रीवर काकूंची सकाळपासून कुरकुर चाललीय. "मेली किती जड आहे! तापतही नाही धड!"

कुरकुरा, काकू, खुशाल कुरकुरा. मी ऐकतेय.