हिरामण कोटवाराचं सहावं लेकरू

आपला बाप वामनबाबा हा त्याच्या बापाचा मुलगा आहे, एवढंच इंदूला सिद्ध करायचं होतं. माणूस समोर ओट्यावर बसलाय, बिडी ओढतोय, आणि त्याचा बाप कोण हे कागदानं सांगायचं! पण एकदा कज्जा लागला की जित्या माणसाला कोण विचारतो?

बोरगावच्या अलीकडे त्यांचं वावर होतं, अर्ध्यात कपाशी, अर्ध्यात संत्रा. कागदावर नाव अजून आजोबांचंच, हिरामण कोटवाराचं. ते गेल्यावर पोराचं नाव चढवायचं राहिलं ते राहिलंच. वावर आपलं, वाहतो आपण, मग कागद काय चाटायचा आहे, असं घरात सगळेच म्हणत. आणि आता चौऱ्याऐंशी साली आजोबांच्या भावाचा नातू वसंता उभा ठाकला होता. त्याचं म्हणणं, हिरामण निपुत्रिक मेला. वामन हा मोहल्ल्यातल्या भागाईनं वाढवलेला पोरका, त्याचा या वावराशी संबंध काय? बाबा लहानपणी भागाईच्या घरी वाढले आणि जाणते झाल्यावर आजोबांकडे आले, हे तर खरंच होतं. का वाढले, ते पाहिलेली माणसं कधीच मातीआड झाली होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ, शिव्या तरी कुणाला द्यायच्या?

नवरा गेल्यावर दोन पोरींना घेऊन इंदू माहेरी आली होती. वावर गेलं की तिघींच्या पायाखाली उभं राहण्यापुरतीही भुई उरणार नव्हती. रात्रंदिवस तिच्या डोक्यात तेवढंच होतं.

एकच आशा होती. त्या काळी गावात कुणी जन्मलं, कुणी मेलं, की कोटवार, म्हणजे गावचा चौकीदार, ठाण्यात जाऊन सांगे आणि तिथला मुन्शी लिहून घेई. आजोबांनी अख्ख्या गावाचं सांगितलं, मग स्वतःच्या लेकराचं नसेल सांगितलं? ती जुनी दफ्तरं छिंदवाड्याला होती. सौंसरहून बस धरायची, अर्ज द्यायचा, झाडाखाली बसून राहायचं आणि हात हलवत परत यायचं, असं कितीदा तरी झालं. शेवटी नकला देणारे मुकुंदबाबू एक दिवस पिवळं पडलेलं बाड घेऊन खिडकीशी आले.

"बाई, सापडलं. हिरामण कोटवार, मुलगा झाला."

इंदूला तिथंच रडू कोसळलं. एवढ्या चकरांचं सार्थक झालं होतं.

"थांबा जरा," बाबू हळू आवाजात म्हणाले. "खाली आणखी एक नोंद आहे. त्याच लेकराची. नवव्या दिवशी मयत. खबर देणारा हिरामण कोटवार, मुलाचा बाप."

तो मुलगा मेला, तर ओट्यावर बसून बिडी ओढतात ते बाबा कोण? वसंता खरं बोलतोय? जन्मभर ज्यांना आजोबा म्हटलं ते आपले कुणीच नव्हते? तिनं फक्त जन्माची नकल मागितली. घरी आल्यावर म्हणाली, "भेटलं, बाबा," आणि पाठ फिरवून चुलीपाशी गेली.

"मी म्हनलोच होतो," बाबा म्हणाले. कितीतरी दिवसांनी ते पोटभर जेवले. तिनं मात्र आपलं ताट झाकून ठेवलं.

पण जे इंदूला सापडलं ते वसंताच्या वकिलाला सापडणार नाही, असं थोडंच होतं! कोर्टात तारखेला त्यानं दुसरी नकल काढून खणखणीत आवाजात वाचली. इंदूनं मान खाली घातली. वामनबाबांना कमी ऐकू येई, त्यांनी कानामागे हात धरला.

"खबर कोनं देल्ली म्हनता?"

"हिरामण कोटवारानं. स्वतः."

म्हातारा उठून उभा राहिला.

"साहेब, माह्या आंधी त्याचे पाच लेकरं गेले. मी झालो तं सटवाईची नजर चुकवाले मले सूपभर जवारीत भागाईले विकलं, हे तिनंच सांगतलं होतं मले. मले ते खरं वाटलं नाही. पन हे नोतं मालूम. बापानं ठान्यात जाऊनही मले मेला म्हनून सांगतलं. दुसऱ्याच्या पोरासाठी कोन इतकं खोटं बोलते, साहेब?"

इंदूनं झटकन वर पाहिलं. बाबा आजोबांचेच होते! क्षणभर तिच्या जिवात जीव आला.

जज्जसाहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. माणूस वाईट नव्हता. "बाबा, ही नोंद खोटी धरली, तर वरची जन्माची खरी कशी धरू? दोन्ही त्याच माणसानं दिल्यात. आणि दोन्ही खऱ्या धरल्या, तर तुम्ही नाहीच आहात."

वावर वसंताच्या नावावर झालं.

बाहेर लिंबाखाली बाबा मटकन खाली बसले आणि लहान लेकरासारखे हमसून रडू लागले. इंदूच्या डोळ्यांतलं पाणी तर आटूनच गेलं होतं. "जाऊ द्या नं, बाबा. मजुरी करू, कोनाचं वावर ठोक्यानं करू. तुमी वावरासाठी जीव नका जाळू."

"वावराचं नाही वो माय." त्यांनी तिचा हात घट्ट धरला. "जन्मभर मले 'ए' म्हनून हाक मारली त्यानं. नाव घेतलं नाही, कधी जवळ बसवलं नाही. मले वाटे, ह्याले मी नकोच होतो. मरतानी पानी पाजाले त्यानं मलेच बलावलं होतं, इंदू. तीनदा मानूस आला वावरात. मी गेलो नाही."