फांदीवाला ओक्को आणि भरलेली चकती

"भरली!" ओक्को ओरडला, आणि कुरणाच्या कडेला उभी असलेली चौदा माणसं दोन पावलं मागे सरली.

पहाटेचे पाच वाजले होते. लाकडी फळीवरचा ड्रोन जागचा हलत नव्हता. पडद्यावर 'होकायंत्रात गडबड, जागा बदला' अशी सूचना लुकलुकत होती. ओक्कोने जमिनीतलं पाणी शोधायची हातातली दुबेळकी फांदी थरथरवली, फळीखालची तांब्याची चकती काढून खिशात टाकली आणि दुसरी बसवली.

"खाली पाण्याची शीर आहे, मंडळी. ती किरणं सोडते, चकती ती पिते. पिऊन पिऊन भरते बिचारी!"

ड्रोन भुर्रकन उडाला. लोकांनी तोंडात बोटं घातली. सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या त्या ड्रोन उडवणाऱ्या हिन्रिख सरांनी. जर्मनीतल्या पूर्व फ्रीसलंडच्या त्या गावात सरांनी एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं होतं. राशिभविष्य वाचणाऱ्या पोरांना ते वर्गाबाहेर काढत. ही गोष्ट त्यांना त्या क्षणी आठवली असती, तर तिलाही त्यांनी बाहेरच काढलं असतं.

त्याला कारण होतं. निवृत्तीनंतर सर हरणांची पाडसं वाचवणाऱ्या मंडळात शिरले होते. पाडस धोका दिसला की पळत नाही, गवतात दबून राहतं, आणि कापणीच्या यंत्राखाली जातं. म्हणून कापणीआधी, जमीन गार असताना, उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने वरून शोधायचं. पहिल्याच दिवशी सरांनी बूट भिजू नयेत म्हणून लोखंडी ट्रॉलीवरून ड्रोन उडवला. होकायंत्राची हीच सूचना आली, चष्मा खिशातच होता, म्हणून ती न वाचताच पुसून टाकली. ड्रोन गरगरत कालव्यात गेला. तेव्हा ओक्को खांद्यावर हात ठेवून म्हणाला होता, "तुमची काही चूक नाही, सर. इथे शीर आहे." इतकं सोयीचं वाक्य सरांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

आजचं कुरण त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीचं, गेशेचं होतं. दुपारी पाऊस येणार म्हणून तिला आठला कापणी सुरू करायची होती, आणि पलीकडच्या कोपऱ्यात एक हरिणी सारखी घुटमळत होती. तो कोपरा बघायच्या आधीच बॅटरी बदलायला ड्रोन खाली आला, ओक्को फळीखाली हात घालून काहीबाही पुटपुटला, आणि ड्रोन पुन्हा हटून बसला.

"भरली! आता कोरी चकती उद्याच मिळेल. आजच पैसे भरून मागणी नोंदवा."

"उद्या?" गेशे भडकली. "मी आज कापतेय!"

"काप की. फांदी सांगते, त्या कोपऱ्यात काही नाही."

"मग ती हरिणी काय तुझ्या फांदीची वाट बघतेय?"

"गेशे, जरा दमानं घे," सर म्हणाले. "ओक्कोचा अनुभव दांडगा आहे."

गेशेने रागारागाने फळीच उचलली. हातात ट्रॅक्टरच्या किल्ल्या होत्या. टक्! किल्ल्या चकतीला चिकटल्या. तिने त्या ओढून काढल्या, परत टक्!

"सर, हे काय?"

"चुंबक," सर जेमतेम बोलले.

"आणि चुंबकाशेजारी होकायंत्र ठेवलं की? सातवीत याच प्रश्नावर तुम्ही मला नापास केलं होतंत!"

तिने ओक्कोकडून बाकीच्या चकत्या काढून घेतल्या. 'भरलेल्या' किल्ल्यांना चिकटल्या. एक 'कोरी' निघाली, ती चिकटली नाही.

"किरणांनीच चुंबक झालं असेल," ओक्को म्हणाला.

"तांब्याचं चुंबक होत नाही," सर म्हणाले. "तू काही चकत्यांच्या पोटात लोहचुंबक दडवलंस. हवं तेव्हा तसली चकती फळीखाली सरकवायची, हवं तेव्हा काढायची."

सरांनी फळी ट्रॅक्टरपासून वीस पावलं दूर नेली, किल्ल्या बाजूला ठेवायला लावल्या आणि चष्मा घालून पडद्यावरची अक्षरं वाचली. ड्रोन उडाला. कोपऱ्यात पांढरा ठिपका दिसला.

माणसाचा वास लागू नये म्हणून सरांनी ओंजळभर गवत घेऊन पाडस उचललं आणि कुरणाबाहेर सावलीत नेलं. त्याचं काळीज गवतातूनही धडधडताना कळत होतं. सरांना रडू आलं, आणि लाजही वाटली.

"माझा ड्रोन शिरेने बुडवला नाही," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "लोखंडी ट्रॉलीने आणि माझ्या आळसाने बुडवला. मला ती चकती हवी होती, कारण ती माझी चूक पीत होती. यंत्र अडलं की थांबा. सूचना वाचा, कारण शोधा. कळलं नाही तर विचारा, आणि सांगणाऱ्याचं म्हणणं तपासून बघा; सांगणारा तुमचा शिक्षक असला, तर दोनदा."