कोपऱ्यातली टाकी

मत्स्यबीज केंद्रातल्या कोपऱ्यातल्या टाकीच्या झडपेवर दादाने हात ठेवला आणि बहिणीकडे पाहिलं. टाकी रिकामी करायचा निर्णय तिचाच होता. या घराण्यातल्या माशांना धान्याचं खाद्य मानवत नाही. यकृतातलं साखर जिरवणारं एन्झाइम त्यांच्यात जन्मतःच दुबळं आहे, तो दोष पुढच्या पिल्लांत उतरायला नको, असं तिनेच ठासून सांगितलं होतं. दर तपासणीत यांच्या रक्तातली साखर चढलेली. दाराजवळच्या टाकीतलं घराणं मात्र गुणी, तेच खाद्य खाऊनही साखर बेतात.

"शास्त्रीणबाई, उघडू का? की निरोपाचं भाषण करायचंय?"

"थांब रे. रक्ताचे शेवटचे नमुने घेते."

सवयीने तिने दाराजवळच्या टाकीत जाळी घातली. दांडा काठावर आपटला आणि तिकडे कोपऱ्यात पाणी उसळलं. मासे भिंतींवर धडका देत सुटले. हे दर वेळी व्हायचं. तिचं लक्ष मात्र हातातल्या सुईकडे असायचं. आज ती जागच्या जागी थिजली. घाबरलेल्या माशाचं यकृत काही मिनिटांत रक्तात साखर सोडतं, हे तीच विद्यार्थ्यांना शिकवायची.

"दादा, झडपेवरचा हात काढ."

"आता काय झालं?"

"मी कायम दारापासून सुरुवात करते. कोपऱ्यापर्यंत पोचते तोवर भेदरून यांची साखर चढलेली असते."

दादाने हात काढला. "म्हणजे दचकवलंस तू, आणि खापर फोडलंस यांच्या आईबापांवर?"

तिला हसू आलं नाही. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी खाद्य घालून, ठरलेला वेळ जाऊ देऊन ती अनवाणी, भिंतीच्या कडेने थेट कोपऱ्यात गेली. पहिल्या माशाची साखर बेताची. दुसऱ्याची, तिसऱ्याचीही तशीच. मग दाराजवळची टाकी. तिथले आकडे चढलेले.

"म्हणजे दोन्ही घराणी सारखीच?" दादाने विचारलं.

"असतील. नसतीलही. वेगवेगळ्या दिवशी, न घाबरवता पुन्हा तपासायला हवं."

"अगं, पण दाराजवळच्यांची पिल्लं मी तुझ्या शब्दावर चार तळ्यांत सोडायला दिलीत. त्या लोकांना काय सांगू?"

तिने जाळी हळूच जमिनीवर ठेवली.

"तू नको सांगूस. फोन लावून दे, मी बोलते."